ज्ञानूमामांचं सालड

ज्ञानूमामांच्या घरी गेलं की पाणी नंतर, आधी हात दाखवावे लागत. "हात दावा," म्हणून मामा उंबऱ्यातच आडवे उभे राहायचे. आधी तळवे, मग पालथे, मग नखं. पाहुणा सोयरा असो की कचेरीतला शिपाई, सुटका कुणाची नव्हती. एकदा आमच्या बोळातल्या लग्नात स्वयंपाक मामांकडे होता. वरबाप मोठा ऐटीचा माणूस. तो भट्टीपाशी आला आणि बुंदी कशी झालीय बघू म्हणून परातीत हात घालायला गेला. मामांनी त्याचं मनगट धरलं आणि सगळ्या वऱ्हाडादेखत म्हणाले, "आधी हात दावा, पावनं." वरबापानं फेटा काढून आपटला. लग्न मोडायची वेळ आली. मुलीचा बाप हातापाया पडू लागला, मामा स्वतः लटलट कापत होते, पण मनगट काही सोडेनात. शेवटी वरबापानं हात धुतले, तेव्हा कुठं त्याच्या तळव्यावर बुंदीच्या दोन कळ्या पडल्या.

आम्ही तेव्हा सांगलीत होतो, गावभागातून कृष्णेकडे उतरणाऱ्या एका बोळात. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून मी सगळ्या बोळाची मास्तरीणबाई. मला शिकवायला कुणी ठेवलं असतं तर त्या शाळेचं काय झालं असतं कोण जाणे. आमच्या भिंतीला भिंत लागून मामांच्या दोन खोल्या. त्यांच्या पलीकडे गंगव्वा, कानडी मुलखाच्या हद्दीवरून आलेली एकटी म्हातारी. ती हळदीच्या पेठेत हळद निवडायला जायची आणि तिचे हात बारा महिने कोपरापर्यंत पिवळे असायचे.

मामा मूळचे माणदेशातले, म्हसवडच्या बाजूचे. पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. ब्रह्मदेशात होते, जपानी आले तेव्हा तिथून डोंगर तुडवत पायी परत आले. लढाई संपल्यावर पलटणीतून नाव कापून घेतलं आणि सांगलीच्या डाकबंगल्यावर खानसामा म्हणून राहिले. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. पलटणीतून आलेली माणसं ओट्यावर बसून लढाईच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगतात. मामांना कुणी ब्रह्मदेशाचं विचारलं की ते म्हणायचे, "लय चाललो." एवढंच. पुढं विचारलं की उठून चुलीकडे जायचे.

आणि भित्रे किती! सहा फुटी माणूस, हाताचे पंजे सुपाएवढे, पण वीज कडाडली की हातातलं भांडं खाली पडायचं. विहिरीचं पाणी प्यायचे नाहीत, नदीचं प्यायचे नाहीत, दोनदा उकळलेलं प्यायचे आणि तेही आधी वास घेऊन. एका दुपारी सांगलीवरून विमान गेलं. सगळा बोळ माळवदावर चढला, पोरांनी टाळ्या पिटल्या. विमान दिसेनासं झालं तरी मामांच्या घराचं दार बंदच, म्हणून मी डोकावले. मामा मोरीत उकिडवे बसले होते आणि डोक्यावर दोन्ही हातांनी पितळी परात धरली होती. मला हसू आवरेना. त्यांनी परात खाली घेतली, पुसली, खुंटीला टेकवून ठेवली आणि मग माझ्याकडे वळले.

"हसा तुमी. भ्यालेला मानूस जास्त जगतो, मास्तरीणबाई."

अशा माणसाच्या हाताला जी चव होती ती नेमकी कशात असावी? तर कच्च्या, चिरलेल्या, चुलीचं तोंडही न बघितलेल्या फळांत. त्याला ते सालड म्हणायचे. हा शब्द पलटणीतल्या साहेबांचा, पण पदार्थ साहेबांचा नव्हता. रंगूनकडे नदीकाठी मासे भाजून विकणारी एक बाई होती, तिच्याकडून ते शिकले होते. आमच्याकडे मासे म्हणजे तांबडा रस्सा आणि भाकरी, फार तर कांदा-लिंबू. माशावर आंबा घालतात हे ऐकून माझ्या सासूबाईंनी गावाकडून निरोप पाठवला होता की असलं खाल तर अंगावर कोड उठेल. ह्यांनी तो निरोप नीट ऐकून घेतला आणि दुसरी वाटी मागून आणली.

मामांचं सालड उन्हाळ्यातलं. पाडाचा आंबा, म्हणजे आंबटपणा गेला नाही आणि गोडी पुरती आली नाही असा. कृष्णेच्या वाळवंटात वाड्या लावतात तिथलं खरबूज, घट्ट बघून घेतलेलं. दोन्हींचे तुकडे चिमणीच्या चोचीत मावतील एवढे. त्यात तसाच चिरलेला पांढरा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि नखाएवढा गूळ. मळायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं परातीत खालवर करायचं. "रस फळातच ऱ्हायला पायजे, दाताखाली फुटाय पायजे," असं मामांचं म्हणणं. मग निखाऱ्यावर भाजलेली मरळ पानावर यायची, धूर निघत असलेली, मीठ-हळद लावून काळी-पिवळी झालेली, आणि तिच्यावर हे गार, आंबटगोड, तिखट सालड ओंजळभर. पहिला घास घेतला की जीभ एकीकडे पोळायची आणि दुसरीकडे निवायची. नंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ खाल्लं, पण तसं नाही.

ते करताना मामांचा जीव मात्र मुठीत असायचा. विळी उकळत्या पाण्यात बुडवायची. हात राखेनं, मग शिकेकाईनं, मग पुन्हा राखेनं. फळं अख्खीच्या अख्खी परातीत ठेवायची आणि त्यावर लाल पाणी ओतायचं. विहिरीत औषध म्हणून टाकतात ती जांभळी पूड असते ना, ती दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मामा पुडीत बांधून आणायचे. चिमूटभर टाकली की पाणी गुलाबी, जरा जास्त पडली की लालभडक. पलटणीत ह्याला पिंकी म्हणत आणि पिंकीत भिजल्याशिवाय फळाला सुरी लावायची नाही असा तिथला हुकूम. मामांकडे घड्याळ नव्हतं. ते परातीपाशी उभे राहून सावकाश नऊशे आकडे मोजायचे. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून. नऊशे झाले की पाणी ओतून द्यायचं, उकळून गार केलेल्या पाण्यानं फळं विसळायची, मग विळी. एवढं करून वाटी दुसऱ्यांच्या हातात द्यायची. स्वतः एक फोडही तोंडात टाकत नसत. विचारलं तर म्हणायचे, "मला सोसत न्हाई."

लढाई संपल्यानंतरचा दुसरा उन्हाळा असेल, त्यांची भाची चंद्रा बाळंतपणाला आली. तिचे आईबाप गेलेले, नवरा पलटणीत लांब, माहेर म्हणायला हा एक मामा. पोर मोठी गोड, तोंडाळ. आल्या दिवशी मामांनी हात दावायला सांगितले तर तिनं हात दाखवले, पाय दाखवले आणि जीभही दाखवली. मामा हसले. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना तेव्हाच पाहिलं. तिच्यासाठी त्यांनी खाट करून घेतली, दाराला नवी कडी लावली, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून तो तासून घेतला. चंद्रा शिंकली तरी मामांचा चेहरा उतरायचा.

तिला आठवा महिना लागला आणि वरच्या अंगाच्या गावांत पटकी आल्याची बातमी आली.

आजच्या माणसांना ती भीती सांगून कळायची नाही. पटकीचं नाव कुणी घ्यायचं नाही, "बाई आलीय" एवढंच म्हणायचं. सकाळी पाणी भरताना बोललेली बाई दुपारी नसायची. आधी उलट्या, मग जुलाब, मग पायात गोळे, हात गार, डोळे खोल जायचे आणि माणूस संपायचा. नगरपालिकेची दवंडी फिरली. पाणी उकळा, टोचून घ्या, कापलेली फळं विकू नका, खाऊ नका, नदीचे मासे खाऊ नका. वाळवंटातली खरबुजं वाडीवरच सडू लागली. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक घर होतं, त्यातून चार दिवसांत तीन माणसं गेली. मला शेजारणीशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी मनातल्या मनात मोजायची की हिचे डोळे कालच्यापेक्षा खोल गेलेत का. स्वतःच्या पोटात गुडगुडलं तरी वाटायचं, आलीच बाई.

मामांनी दाराला पोतं लावून ते औषधाच्या पाण्यानं भिजवलं. चंद्राला बाहेर पडायला बंदी. पाणी दोनदा नाही, तीनदा उकळायचं. तिला जे द्यायचं ते चुलीवरून सरळ ताटात. भात, वरण, पेज. पोरीला महिन्याभरात त्या वाफेच्या जेवणाचा वीट आला. आधी अर्धं टाकू लागली, मग ताटच सरकवू लागली. तीन दिवस पेजेच्या दोन घोटांवर राहिली. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि रडायची. काय हवंय विचारलं तर म्हणायची, "मासा न् सालड."

"इख माग, जहर माग, ते देईन," मामा म्हणायचे. "ते न्हाई."

सुईण येऊन पोट बघून गेली. बाहेर आल्यावर मामांना म्हणाली, "आवं, पोर आत वाढायला नको का? आईच्या पोटात अन्न न्हाई. काय मागंल ते द्या तिला. डोहाळं मारू नगा." मामा ओट्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली. 

"मास्तरीणबाई, मी करतो. पर तुमी हाताखाली ऱ्हावा."

मला नाही म्हणायला हवं होतं. मला तेव्हा भीती वाटत होतीच, पण त्या पोरीच्या रडण्यानं मीही कंटाळले होते आणि खरं सांगते, मलाही ते सालड खायचं होतं.

मरळ मामांनी भोयाकडून जिवंत आणली, उकळत्या पाण्यात घातली, मग साफ केली. खरबूज घेतलं नाही. झाडावरचे पाच आंबे स्वतः समोर उभं राहून उतरवून घेतले. परातीत आंबे ठेवले आणि वर पिंकी ओतलं. त्या दिवशी पूड त्यांच्या हातून जास्त पडली, पाणी लालभडक झालं. त्यांनी नऊशे मोजायला घेतलं. शंभर-सव्वाशे झाले असतील, तेवढ्यात परसात निखारे विझत चालले. मला म्हणाले, "मी निखाऱ्याकडं बघतो, मोजतो तिथंच. तुमी लिंबं आना." मी लिंबं आणायला माझ्या घरी आले. घरी दुधावर मांजर बसलं होतं, त्याला हाकलण्यात माझा थोडा वेळ गेला.

मी परत आले तर आंबे परातीत कोरडे, पुसून, ओळीनं मांडलेले. मला वाटलं मामांचे नऊशे झाले आणि त्यांनी विसळून ठेवले. मामा परसातून आले, त्यांना वाटलं मी विसळले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विळी उकळून तयार होतीच. ते बसले आणि चिरायला लागले.

चंद्रा उठून बसली. मरळीवर सालड पडलेलं बघून तिचे डोळे भरून आले. पहिला घास तिनं डोळे मिटून खाल्ला. मग बोटं चाटत चाटत सगळं पान संपवलं, वर आणखी मागितलं. मामा समोर बसून तिच्या प्रत्येक घासाबरोबर स्वतःचं तोंड हलवत होते. मीही चार घास खाल्ले. किती दिवसांनी त्या घरात कुणाला बरं वाटलं होतं.

तेवढ्यात गंगव्वा दारात आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"जेवली व्हय पोर? अय्यो, जेवनारच की! दिष्ट लागल्याली तिला. म्या काढून टाकली न्हवं."

"कवा काढली?" मामा म्हणाले.

"आत्ताच की. तुमी लाल पानी केल्यालं ना परातीत, पाच फळं घालून. आमच्याकडं बी आसंच. हळदीत चुना घालून लाल पानी करत्यात न् पोटुशीवरून ओवाळत्यात. म्हटलं, बाप्या मानूस, करून ठेवलं पर ओवाळायला बाई नको का? फळं काढली, निजल्या पोरीवरनं पानी सात येळा ओवाळलं, तीन वाटंच्या तिकटीवर नेऊन टाकलं. फळं चिकट लागली, म्हून घागरीतल्या पान्यानं धुतली बी."

"कुठली घागर?"

"दारातली. भांड्याची."

दारातली घागर म्हणजे सकाळी नदीवरून आणलेलं पाणी. भांडी घासायचं. न उकळलेलं.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं.  गंगव्वानं तिच्या रीतीप्रमाणे मायेनंच केलं होतं आणि तिला काय झालं ते कळतही नव्हतं. ती आमच्या तोंडांकडे बघत होती आणि तिचं हसू हळूहळू मावळत गेलं. माझ्या जिभेवर अजून आंब्याची चव होती. ती मला एकदम नकोशी झाली, मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली. चंद्रा खाटेवर बसून विचारत होती, "काय झालं? मामा, काय झालं?"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "पाच दिस जाऊ देत."

हे पाच दिवस त्यांना पलटणीतल्या डॉक्टरानं शिकवलेले. पाच दिवसांत आलं नाही तर येत नाही. त्या दिवसापासून मामा डाकबंगल्यावर गेले नाहीत. चंद्राच्या खाटेसमोर भिंतीला पाठ लावून बसायचे. ती कूस वळली तरी उठायचे. तिच्या तळपायांना हात लावून बघायचे, गरम आहेत ना. मीठ घातलेल्या पेजेचं पातेलं सारखं चुलीवर. पहिला दिवस गेला. मी माझ्या घरी बसून माझं मोजत होते, मळमळतंय का, पोटात दुखतंय का, आणि दुखत नसलं तरी दुखायचं. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. दुसरा दिवस गेला. गंगव्वा दारातून आत यायची नाही, बाहेरूनच विचारायची, "बरी हाय न्हवं?" मामा मान हलवायचे. मला त्या दोघांकडे बघवत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला भिंतीपलीकडून ओकारीचा आवाज आला. मी हातातलं टाकून धावले. चंद्रा खाटेच्या काठावर ओणवी होऊन ओकत होती. पोटाशी दोन्ही हात. "पोटात गोळा येतोय," म्हणाली आणि किंचाळली. मी तिचे पाय धरले, तर ते बर्फासारखे गार. मी मामांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, हातात पेजेचा तांब्या. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्यात काळजी नव्हती, दुःख नव्हतं, नुसती भीती होती, जनावराला वाटते तशी. त्यांनी तांब्या सावकाश खाली ठेवला, सांडू न देता. मग वळले आणि बाहेर गेले.

डॉक्टरला आणायला गेले असं मी समजले. अर्धा तास गेला, तास गेला. डॉक्टर नाही, मामा नाहीत. मी ह्यांना शाळेतून बोलावलं, ह्यांनी सुईणीला आणलं. सुईण आत गेली, पोटावर हात ठेवला आणि माझ्यावर खेकसली, "पटकी कसली, बाई? कळा हायत ह्या. पोर यायला लागलीय, पानी तापवा!"

दिवस भरायला तीन आठवडे होते. दुपारी चारला मुलगी झाली. एवढीशी, दोन्ही तळव्यांत मावेल अशी, पण आवाज असा की गंगव्वा बोळात बसून रडायला लागली. पटकी त्या घरात आलीच नाही. मला नाही, चंद्राला नाही, कुणालाच नाही. बातमी सांगायला आम्ही मामांना शोधत होतो.

ते सापडले नाहीत. डाकबंगल्यावर नव्हते. पटकीच्या रोग्यांसाठी गावाबाहेर झोपड्या घातल्या होत्या, आमचे हे तिथंही बघून आले. नदीचे दोन्ही घाट पालथे घातले. कुणी म्हणालं, पुलापाशी दिसले होते. मग बोळात कुजबुज सुरू झाली की मामांनी नदी जवळ केली. चंद्रा अंगावर पाजता पाजता रडायची. मला रडू येत नव्हतं, मला त्यांचा संताप येत होता. असा कसा माणूस, कळा देणाऱ्या पोरीला टाकून निघून जातो? आणि आतून भीतीही वाटायची की नदीनं एखाद्या दिवशी काही वर आणलं तर ओळखायला मलाच जावं लागेल.

बाळ सव्वा महिन्याचं झालं, तेव्हा मी चार दिवस साताऱ्याला माहेरी गेले होते. परत निघाले तर मोटारींच्या अड्ड्याजवळ एक खानावळ होती, तिच्या मागच्या अंगाला एक उंच माणूस बटाटे सोलत बसलेला. पाठ बघूनच मी ओळखलं. मी जवळ गेले. त्यांनी वर पाहिलं, सुरी टाकली आणि उठले. पळणार होते. मी सदऱ्याची बाही घट्ट पकडली.

"पळालात तर ओरडीन, मामा. सगळा अड्डा गोळा करीन."

ते उभे राहिले. वाळून अर्धे झाले होते. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "कवा गेली?"

"कोण?"

"चंद्री."

"कुठं जाईल ती? घरी आहे. मुलगी झालीय तिला. तुम्ही गेलात त्याच दिवशी. त्या कळा होत्या, मामा, कळा!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांची समजूत काढण्यासाठी थापा मारतेय. मग हळूच म्हणाले, "मी तिचं दहावं केलं. माहुलीच्या घाटावर."

तेव्हा माझा तोल सुटला. जिवंत पोरीचं दहावं! मी चारचौघांत त्यांना वाटेल ते बोलले. भित्रे म्हटलं, कसाई म्हटलं, तोंड बघू नये असं म्हटलं. लोक थांबून बघायला लागले. मामा ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "खरंच जित्ती हाय?" मी माझ्या नसलेल्या पोरांच्या शपथा घेतल्या, कुंकवाची शपथ घेतली. तेव्हा त्यांना पटलं. मला वाटलं आता हसतील, निदान रडतील तरी. ते मटकन खाली बसले आणि त्यांचा चेहरा पुन्हा त्या दिवशी दारात झाला होता तसा झाला.

"मग मारुती बी जित्ता आसंल," ते म्हणाले.

"कोण मारुती?"

त्यांनी मला सांगितलं ते तिथंच, बटाट्याच्या सालींत बसून. मारुती त्यांच्याच बाजूचा, म्हसवडच्या पुढच्या गावचा जवान. ब्रह्मदेशातून दोघं बरोबर निघाले होते. "पिंकी संपल्यालं. खायाला काय न्हाई. एका ओढ्यात मासं गावलं, वर रानात आंबं. मारुती म्हनला, मामा, एकदा सालड कर. केलं. ओढ्याच्या पान्यात धुतलं. सकाळी त्यो ओकाय लागला, पोट धरून. मी आवाज ऐकला न् उठलो. चालाय लागलो. मागं बघितलंच न्हाई."

"मग?"

"घरी आलो. सरकारी कागदात त्यो बेपत्ता हुता. त्याची आय म्हनली, तुमी संगं हुता, खरं काय ते सांगा. म्या सांगितलं, गेला. माझ्या मांडीवर गेला. डोळ्यानं बघितलं." मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्याच्या बायकोनं कागदावर न्हाई, माझ्या शब्दावर कुंकू पुसलं. मला वाटायचं, ओकला म्हंजे गेलाच. आसं कुनी वाचतं व्हय? आन् आता तुमी म्हंता चंद्री वाचली."

 चंद्राच्या कळा वेगळ्या आणि पटकी वेगळी, असं मी काहीतरी म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

अड्ड्यावर दोन मोटारी लागल्या होत्या, एक सांगलीची, एक म्हसवडची. मी त्यांना दंडाला धरून सांगलीच्या मोटारीपाशी आणलं. "चला. चंद्रा वाट बघतेय." त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि परत घेतला.

"चंद्रीला म्हनावं, येतो. आदी तिकडं जाऊन येतो."

"तिकडं जाऊन काय सांगणार?"

"बघितलं न्हाई म्हनून सांगनार."

"मारतील तुम्हाला त्या घरचे."

"मारतील की," मामा म्हणाले. त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

म्हसवडच्या मोटारीत त्यांना चढवेना. क्लीनरनं वरून हात देऊन ओढून घेतलं. ते खिडकीपाशी बसले. पुढच्या बाकाची दांडी दोन्ही मुठींत, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. ड्रायव्हरनं खाली उतरून हँडल मारलं. इंजिन धडधडलं तसे मामा दचकून अर्धे उभे राहिले आणि माझी खात्री झाली की आता उतरणार. मी तर त्यांना ओळखत होते. शेजारी पाटी घेऊन बसलेली बाई त्यांना काहीतरी म्हणाली. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि खाली बसले.

माझ्या मोटारीचा क्लीनर मला हाका मारत होता. मी रस्त्यात तशीच उभी होते. म्हसवडची मोटार धूर सोडत अड्ड्याबाहेर पडली, चौकात जरा हळू झाली. वळणाआड जाईपर्यंत तिच्यातून कुणी उतरलं नाही.